ग्रुपची किल्ली कुणाकडे?

रात्री सव्वाबारा. कॉलेजातल्या एका पोराने पायथनच्या ग्रुपवर विचारलं: फंक्शनच्या डीफॉल्टमध्ये रिकामी लिस्ट दिली, तर दुसऱ्यांदा कॉल केल्यावर तिच्यात आधीचा ऐवज कसा काय शिल्लक राहतो? प्रश्न चांगला. पायथनमध्ये डीफॉल्ट मूल्य फंक्शन तयार होताना एकदाच बनतं, दर कॉलला नव्याने बनत नाही, हे कळेपर्यंत प्रत्येकाने एकदा कपाळावर हात मारून घेतलेला असतो. ग्रुपमधल्या सर्वांत जाणत्या माणसाने उत्तर दिलं. उत्तर बिनचूक, पण शेवटी एक शेपूट: "एवढंही वाचून कळत नसेल तर दुसरं एखादं क्षेत्र बघ." अ‍ॅडमिनने तो मेसेज उडवला आणि दिवा मालवला. सकाळी पाहतो तो दोनशेवर मेसेज, सात जण ग्रुप सोडून गेलेले, आणि त्या पोराचा प्रश्न कुठल्या कुठे गाडला गेलेला.

ती अ‍ॅडमिन मी.

त्या दोनशे मेसेजांत 'ते शेपूट योग्यच होतं' असं म्हणणारे फार तर चार-पाच. बाकीच्यांचे प्रश्न निराळे होते. उडवलं कुणी? का उडवलं ते सांगितलं का नाही? उत्तर बरोबर होतं, मग अख्खा मेसेज कशाला घालवला? आणि सगळ्यांत टोचणारा: गेल्या आठवड्यात तुमच्या मैत्रिणीने याहून तिखट लिहिलं, तेव्हा तुमचा डोळा लागला होता का? या शेवटच्या प्रश्नावर मी गप्प बसले, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती.

तुम्ही पायथनचा, जावास्क्रिप्टचा, रस्टचा किंवा दुसऱ्या कुठल्या भाषेचा ग्रुप चालवत असाल, टेलिग्रामवर, डिस्कॉर्डवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. सोसायटीत पार्किंगवरून जुंपते तेव्हा लोकांचा राग गाडीवर नसतो; सेक्रेटरीच्या गाडीला कधी चिठ्ठी लागत नाही यावर असतो. ग्रुपचंही तसंच. एखादा मेसेज गेला तर लोक पोटात घालतात. तो कुणी काढला, कशाच्या आधारे काढला आणि पटलं नाही तर दाद कुठे मागायची, याचा पत्ता लागला नाही की मग बांध फुटतो.

हुशार माणसाचं काय करायचं

प्रोग्रॅमरांच्या ग्रुपची एक खोड आहे. ट्रेकिंगच्या किंवा गाण्याच्या ग्रुपवर वाद वर्षानुवर्षं भिजत पडतात. इथे पुष्कळ वादांचा निकाल लागतो. कोड चालवून दाखवला की संपलं. त्यामुळे जो बरोबर असतो त्याला आपल्या बरोबर असण्यातच सगळं माफ झाल्यासारखं वाटतं. अडचण अशी की तो माणूस ग्रुपला हवा असतो. तो गेला तर अवघड प्रश्नांना उत्तर द्यायला कुणी उरत नाही, आणि तो राहिला तर नवी पोरं प्रश्न विचारायला धजत नाहीत.

हे दुखणं जुनं आहे. १९८७ साली यूझनेटची मोठी फेररचना झाली आणि संगणकभाषांचे चर्चागट 'कॉम्प डॉट लँग' या घराण्याखाली आले. त्यातल्या काही गटांना पुढे मॉडरेटेड भावंडं काढावी लागली. सी प्लस प्लसचं असं भावंड अनेक जुन्या प्रोग्रॅमरांना आठवत असेल. पद्धत सरळ होती. तुमचं पत्र आधी मॉडरेटरच्या ईमेलवर जायचं, त्याने 'अप्रूव्ह्ड' अशी ओळ जोडली की मगच गटात दिसायचं. (ही ओळ खोटी जोडणारे महाभागही होतेच.) दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांत नवी मुलं यायची, तेच ते प्रश्न विचारायची, जुनी मंडळी करवादायची, आणि थोड्या दिवसांत मुलं रुळायची. १९९३ नंतर इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं होत गेलं तसा नवशिक्यांचा ओघ थांबेनाच. जुन्यांनी त्या काळाला 'न संपणारा सप्टेंबर' असं नाव ठेवलं. आपल्याकडे अभियांत्रिकीचे प्रवेश आटोपून पहिलं सत्र सुरू झालं की ग्रुपवर जे होतं, ते हेच.

त्या पिढीने शोधलेला उपाय आजही सर्वांत स्वस्त आहे: वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवायची. सी भाषेच्या गटासाठी स्टीव्ह समिट यांनी सांभाळलेली प्रश्नोत्तरं इतकी नेटकी झाली की पुढे त्यांचं पुस्तक निघालं. तुमच्या ग्रुपवर दर महिन्याला येणारे दहा प्रश्न शोधा, त्यांची उत्तरं लिहा, पिन करा. लिहायचं काम कुणाला द्यायचं? त्या करवादणाऱ्या हुशार माणसाला. एकच गोष्ट पन्नासदा सांगून तो वैतागलेला असतो. दुवा डकवायची सोय झाली की निम्मा वैताग आपसूक उतरतो.

तरीही तो घसरलाच, तर मी त्या रात्री केलं ते करू नका. आधी त्याला खासगीत लिहा: उत्तर ठेवा, शेवटची ओळ काढा. दहातले सात जण काढतात, आणि कुणाला कळतही नाही. लगेच हात घालणं भागच असेल तर मेसेज काढण्यापूर्वी त्यातला उत्तराचा भाग उचला, त्याच्या नावाने पुन्हा टाका आणि खाली एक ओळ लिहा: अमुक नियमानुसार शेवटचं वाक्य वगळलं, अमुक मॉडरेटर. माझ्या दोनशे मेसेजांतले दीडशे या एका ओळीने वाचले असते.

आणखी एक, खास आपल्या भाषेचं. इंग्रजी ग्रुपांसाठी लिहिलेले नियम शिव्या आणि घाण शब्द पकडतात. मराठी माणसाला अपमान करायला शिवी लागत नाही. "वा, फारच अभ्यास दिसतोय आपला" या वाक्यात एकही वाईट शब्द नाही, आणि त्यातला 'आपला' कानाखाली वाजतो. अनोळखी मुलीला पहिल्याच उत्तरात 'अगं' म्हणणं आणि पन्नाशीच्या माणसाला 'अरे बाबा' म्हणून कोड समजावणं, यातही तेच. शब्दांची यादी करून हे सापडायचं नाही. आमच्याकडे आता कसोटी एवढीच आहे: बोलणं कोडवर आहे की कोड लिहिणाऱ्यावर? 'हे फंक्शन भयंकर लिहिलंय' चालतं. 'हे कुणी लिहिलंय, याला नोकरी दिली कुणी' चालत नाही. पहिलं वाक्य सौम्य करायच्या भानगडीत मॉडरेटरने पडू नये. तांत्रिक मतभेदाची धार बोथट करायला गेलात तर ग्रुपचं सत्संग मंडळ होतं आणि कामाची माणसं मुकाट निघून जातात.

नियम किती असावेत

थोडे. आणि त्यांत विशेषणं कमी, क्रियापदं जास्त. 'सभ्यता पाळावी' या नियमावर दोन माणसांचं एकमत होत नाही. 'विचारणाऱ्याच्या शिक्षणावर, जातीवर, गावावर, इंग्रजीवर बोलू नये' यावर होतं.

नमुना हवा असेल तर रस्ट भाषेच्या समुदायाची आचारसंहिता वाचा. माझ्या मते तिच्यातला सर्वांत उपयोगी भाग शेवटचा आहे, जिथे मॉडरेटरने काय करायचं ते पायरीपायरीने लिहिलंय. पहिल्यांदा समज द्यायची. ऐकलं नाही तर डोकं थंड होईपर्यंत बाहेर काढायचं. परत येऊन तेच केलं तर कायमचं बाहेर. पहिलाच गुन्हा असेल आणि दुखावलेल्या माणसाची मनापासून माफी मागितली असेल, तर मॉडरेटर परत घेऊ शकतो. बंदी अन्यायाची वाटली तर त्याच मॉडरेटरशी किंवा दुसऱ्या एखाद्या मॉडरेटरशी खासगीत बोलायचं. ग्रुपवर त्याची तक्रार मांडायची नाही. आणि मॉडरेटरला इतरांहून कडक माप. सामान्य सदस्याला खपेल असं बोलणं मॉडरेटरला खपत नाही.

ही पायरीबाज रचना जशीच्या तशी उचला. फक्त एक भर घाला: प्रत्येक पायरीला मुदत लिहा. 'डोकं थंड होईपर्यंत' म्हणजे चोवीस तास की आठवडा? मुदत लिहिलेली नसली की आवडत्याचं डोकं दोन तासांत थंड होतं आणि नावडत्याचं दोन महिने होत नाही.

एक वाद मात्र कोणत्याही नियमाच्या चौकटीत नीट बसत नाही, म्हणून त्यावर जरा थांबते. माणूस शिवी देत नाही, टोमणा मारत नाही, पण बोलायचा थांबत नाही. प्रत्येक मेसेजला उत्तर, प्रत्येक उत्तराला उपप्रश्न. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पायथनचा कारभार पाहणाऱ्या, निवडून आलेल्या स्टीअरिंग कौन्सिलने एका अत्यंत ज्येष्ठ कोअर डेव्हलपरला तीन महिन्यांसाठी निलंबित केल्याचं जाहीर केलं. भाषेच्या सुरुवातीच्या काळापासून राबलेला माणूस. कारणांच्या यादीत एक आकडा होता: पायथनमागच्या संस्थेच्या नियमावलीतल्या बदलावरची चर्चा मॉडरेटरांनी बंद केली तोवर झालेल्या १७७ पोस्टपैकी ४७ त्याच्या होत्या. म्हणजे सव्वीस टक्क्यांहून अधिक एकट्याच्या.

यावर पायथनच्या जगात उभी फूट पडली. एका बाजूचं म्हणणं, एका माणसाने चौथा हिस्सा व्यापला की बाकीचे बोलत नाहीत, हा उपद्रवच. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पोस्ट मोजून कुणाला शिक्षा करता? काय बोलला ते दाखवा. आणि बाकीच्या कारणांपुढे नेमकी वाक्यं किंवा दुवे नव्हते, त्यामुळे वाचणाऱ्याने काय ते ताडायचं. माझं मत दोन्ही बाजूंना नावडेल असं आहे. अतिबोलणं हा उपद्रव आहे, पण तो शिस्तीने सोडवायचा प्रश्न नाही, नळाची तोटी फिरवायचा आहे. टेलिग्रामवर स्लो मोड आहे; दोन मेसेजांमध्ये एका तासापर्यंतचं अंतर सक्तीचं करता येतं. डिस्कॉर्डवरही तशी सोय आहे. चर्चा तापली की तो सर्वांसाठी सुरू करा. एकट्या माणसाला गप्प केलं असं होत नाही, त्याचा मानभंग होत नाही, आणि तासाला एकच मेसेज लिहायचा म्हटलं की माणूस जरा विचार करून लिहितो. तीन महिन्यांच्या निलंबनापर्यंत जायची वेळ आली, की आधीच्या दहा छोट्या संधी हुकलेल्या असतात.

मॉडरेटरचा मॉडरेटर कोण

आता रस्टचीच दुसरी बाजू. एवढी चांगली आचारसंहिता असून २२ नोव्हेंबर २०२१ रोजी रस्टच्या अख्ख्या मॉडरेशन टीमने एकदम राजीनामा दिला. कारण थोडक्यात असं: प्रकल्पाची कोअर टीम स्वतःखेरीज कुणालाही उत्तरदायी नाही, त्यामुळे तिच्यावर आचारसंहिता लागू करणं आम्हाला शक्य होत नाही. नेमकं काय घडलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. संबंधितांची गोपनीयता त्यांना राखायची होती. साहजिकच जगभर तर्ककुतर्कांना ऊत आला.

इथे दोन धडे आहेत आणि ते एकमेकांना छेद देतात. तपशील सांगितले तर तक्रार करणारा उघडा पडतो, आणि पुढच्या वेळी कुणी तक्रारच करत नाही. तपशील झाकले तर अफवा पिकतात. मधला रस्ता मला एकच दिसतो: घटना सांगू नका, प्रक्रिया सांगा. किती तक्रारी आल्या, किती जणांनी मिळून निर्णय घेतला, कोणता नियम लागू केला, दाद मागितली का. नावं नकोत, मेसेज नको. सोसायटीच्या इतिवृत्तात जसं 'एका सभासदाच्या थकबाकीबाबत चर्चा होऊन नोटीस देण्याचे ठरले' असं लिहितात, तसं. सगळ्या बिल्डिंगला माणूस ठाऊक असतोच, पण ठराव ठरावासारखा दिसतो.

रस्टने त्यानंतर दीड वर्ष नव्या रचनेवर घालवलं. जून २०२३ मध्ये कोअर टीम जाऊन लीडरशिप कौन्सिल आली. त्या रचनेचा मसुदा आरएफसी ३३९२ या क्रमांकाने ओळखला जातो, आणि त्यातल्या दोन गोष्टी छोट्या ग्रुपलाही घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे राखीव मॉडरेटर. ही माणसं रोजचं काम करत नाहीत. मॉडरेटरांवरच तक्रार आली, किंवा त्यांच्या निर्णयाची तपासणी हवी असली, की पुढे येतात. दुसरी गोष्ट तर मला फारच आवडली. कौन्सिल आणि मॉडरेटर यांचं इतकं बिनसलं की काही केल्या जुळत नाही, तर शेवटचा उपाय म्हणून कोणतीही एक बाजू दुसरीला बरखास्त करू शकते, पण त्याच क्षणी तिला स्वतःलाही बरखास्त व्हावं लागतं. खड्डा खणायचा तर आपणही त्यातच उतरायचं. असा उपाय वापरायला कुणाचा हात सहज उठत नाही.

दोनशे माणसांच्या ग्रुपला एवढा बारदाना लागत नाही. पण तीन मॉडरेटर हवेत, आणि ते तिघं एकाच कंपनीतले किंवा एकाच कॉलेजच्या बॅचचे नकोत. पायथनने आपल्या पाच जणांच्या स्टीअरिंग कौन्सिलसाठी नियमच केलाय: एकाच मालकाचे दोनांहून अधिक सदस्य नकोत. पुण्यात एखाद्या ग्रुपचे सगळे अ‍ॅडमिन हिंजवडीतल्या एकाच इमारतीत बसतात तेव्हा चहाच्या टपरीवर झालेलं भांडण संध्याकाळी ग्रुपवर निर्णय होऊन उतरतं. मी पाहिलंय.

ज्या वादात मॉडरेटर स्वतः बोललाय, त्या वादात त्याने बटण दाबायचं नाही. हा नियम लिहायला एक ओळ लागते आणि पाळायला जीव जातो. आपण बरोबर असतो, समोरचा मूर्खासारखं बोलत असतो, आणि 'डिलीट' बोटाखालीच असतं. दुसऱ्या मॉडरेटरला हाक मारा. तो झोपला असेल तर सकाळपर्यंत थांबा. धमकी, कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता उघड करणं, अश्लील फोटो, असलं काही नसेल तर सकाळपर्यंत काही बिघडत नाही.

वही

टेलिग्राममध्ये अ‍ॅडमिनांना अलीकडच्या कारवाया दिसतात, पण त्या फक्त ४८ तास. तिसऱ्या दिवशी 'माझा मेसेज का काढला' असं कुणी विचारलं तर तुमच्या आणि त्याच्या आठवणीत सामना लागतो, आणि त्यात अ‍ॅडमिन नेहमी हरतो. म्हणून एक सामायिक शीट ठेवा: तारीख, कुणी, काय केलं, कोणत्या नियमाखाली, मूळ मेसेजची प्रत, दाद मागितली का, काय झालं. मॉडरेटरांनाच दिसेल अशी. आम्ही ती सुरू केली तेव्हा मला पहिल्या तीन महिन्यांतच कळलं की मी बायकांचे मेसेज पुरुषांपेक्षा लवकर उडवते. का, ते अजून नीट सांगता येत नाही. बहुधा पोरींची बाजू घेतल्याचा आरोप नको म्हणून.

आता किल्लीबद्दल, शब्दशः. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या चॅट-जाळ्याचा ताबा कुणाकडे यावरून वाद झाला. तिथे कित्येक भाषांची आणि मुक्त प्रकल्पांची वर्षानुवर्षांची दालनं होती. ते जाळं चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं. काही प्रकल्पांनी आपल्या दालनावर 'आम्ही लिबेरावर गेलो' अशी सूचना लावली, तर फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने अशी शेकडो दालनं ताब्यात घेतली. वर्षानुवर्षं घर सांभाळलं, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर निघाला.

तुमच्या ग्रुपचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याने ग्रुप तयार केला त्याला बाकीचे अ‍ॅडमिन काढू शकत नाहीत. तो स्वतः सोडून गेला तरच सुटतो. पाच वर्षांपूर्वी ज्या पोराने हौसेने ग्रुप काढला, तो आता कॅनडात असतो, कोडिंग सोडून प्रॉडक्टमध्ये गेलाय आणि वर्षातून एकदा येऊन 'हा मेसेज परत टाका' म्हणतो, अशी स्थिती असेल तर भांडण व्हायच्या आत त्याच्याशी बोला. टेलिग्राममध्ये मालकी दुसऱ्याच्या नावे करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप काढणंच सोपं. कटकट वाटते, पण शांततेच्या काळात अर्ध्या तासाचं काम आहे आणि भांडणाच्या काळात होतच नाही.

कायद्याचं पुष्कळ जण विचारतात: कुणी भलतंसलतं लिहिलं तर अ‍ॅडमिनला पोलीस धरतात का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदियातल्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट असल्याचं दिसत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. मजकूर टाकला जाण्यापूर्वी तो तपासण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार अ‍ॅडमिनला नसतो, हा त्यातला एक मुद्दा. मात्र २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढून टाकता येतो, तेव्हा 'माझ्या हातात काहीच नव्हतं' या भरवशावर झोपू नका. गंभीर काही दिसलं तर काढा, वहीत नोंदवा, आणि प्रत जपून ठेवा.

यंत्राची उत्तरं

सध्याचा सर्वांत ताजा कलह एआयच्या उत्तरांवरून आहे. पोरगा प्रश्न विचारतो, दुसरा तो प्रश्न चॅटजीपीटीत टाकतो आणि आलेलं सातशे शब्दांचं उत्तर न वाचता ग्रुपवर ओततो. स्टॅक ओव्हरफ्लोने ५ डिसेंबर २०२२ रोजीच, म्हणजे चॅटजीपीटी आल्यानंतर आठवडाही झाला नव्हता तेव्हा, अशा उत्तरांवर बंदी घातली होती. पुढे मे २०२३ च्या अखेरीस कंपनीने मॉडरेटरांना कळवलं की केवळ संशयावरून अशी उत्तरं काढू नका, माणसांना निलंबित करू नका. मॉडरेटरांचा आक्षेप असा की आम्हाला खासगीत सांगितलेलं धोरण आणि जाहीर केलेलं धोरण वेगळं आहे. ५ जूनपासून अनेक मॉडरेटरांनी काम थांबवलं. संप ऑगस्टपर्यंत चालला.

दोन्ही बाजूंत तथ्य होतं. मजकूर यंत्राने लिहिलाय की माणसाने, हे ओळखणारी साधनं बेभरवशाची आहेत. इंग्रजी परकी भाषा असलेल्या माणसाचं नीटनेटकं उत्तर सहज त्यात अडकतं. आणि हेही खरं की खोटी पण सफाईदार उत्तरं ओतली गेली तर ग्रुप महिन्याभरात निकामी होतो. सुक्याबरोबर ओलं जाळायचं नसेल तर 'हे कुणी लिहिलं' हा प्रश्नच सोडून द्या. आमचा नियम असा आहे: उत्तर देणाऱ्याने कोड स्वतः चालवलेला असावा, आणि कुणी विचारलं तर आउटपुट दाखवावा. दाखवता आला नाही तर उत्तर निघतं. एआयचा उल्लेखही नियमात नाही. भांडणं जवळजवळ थांबली.

पाळी

ग्वीडो व्हॅन रोसम यांनी पायथन घडवली आणि जवळपास तीस वर्षं तिच्या निर्णयांचा शेवटचा शब्द त्यांचा होता. जुलै २०१८ मध्ये, वॉलरस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका छोट्याशा चिन्हावरून झालेल्या कडाक्याच्या वादानंतर, ते त्या पदावरून उतरले. एका प्रस्तावासाठी पुन्हा इतकं झगडून वर लोकांचा तिटकारा सोसायची आपली तयारी नाही, असं त्यांनी कळवलं. वारस नेमला नाही. मग भाषेला घाईघाईने नवी राज्यव्यवस्था शोधावी लागली, आणि २०१९ च्या सुरुवातीला निवडून आलेली पहिली स्टीअरिंग कौन्सिल हा तिचा परिपाक.

भाषेचा जनक जिथे थकतो तिथे नोकरी, घर, लोकल आणि वर ग्रुप सांभाळणारे तुम्ही-आम्ही किती टिकणार? मॉडरेटरची मुदत ठरवून टाका. एक वर्ष पुरे. मुदत संपली की माणूस सन्मानाने उतरतो. थकला म्हणून किंवा भांडला म्हणून उतरावं लागत नाही. नवा मॉडरेटर शोधताना सर्वांत हुशार माणसाकडे जाऊ नका. त्याला उत्तरं लिहू द्या. जो भांडणात दोन्हीकडून 'तुझं म्हणणं हे आहे ना?' असं विचारतो, तो कामाचा.

त्या रात्रीच्या जाणत्या माणसाला मी चौथ्या दिवशी फोन केला. आधी माझं चुकलं ते सांगितलं, मग त्याचं. तो बराच वेळ बोलला, बहुतेक कुठल्याशा क्लायंटबद्दल. लिस्टच्या प्रश्नाचं उत्तर त्याने पुन्हा लिहून दिलं. ते आमच्या पिन केलेल्या यादीत पाचवं आहे. यंदाच्या जानेवारीत माझी मुदत संपली आणि तो नाही म्हणत असताना लोकांनी त्यालाच मॉडरेटर केलं. मार्चमध्ये टॅब आणि स्पेसवरून मी एका पोराला जरा लागेल असं बोलले. दहा मिनिटांत खासगी मेसेज आला: मुद्दा ठेवा, शेवटची ओळ काढा. खाली नियमाचा क्रमांक होता आणि त्याचं नाव. मी ओळ काढली.